रुग्णालयातील दहावी

दहावीचे वर्ष कोणत्याही घरात एकट्या विद्यार्थ्याचे नसते. ते सगळ्या घराचे असते. टीव्हीचा आवाज कमी होतो, पाहुण्यांना बेताने बोलावले जाते, कार्याच्या तारखा मार्चच्या पलीकडे ढकलल्या जातात. सांगलीकडच्या एका अडत व्यापाऱ्याच्या घरीही जून महिन्यापासून हीच शिस्त लागली होती. धाकटा मुलगा दहावीत गेला होता. हळदीच्या बाजाराचा हिशेब आटोपून वडील रात्री घरी परतत, मुलाच्या खोलीतला दिवा पाहत आणि समाधानाने झोपायला जात. दिवा एक-एक वाजेपर्यंत जळत असे. त्या दिव्याखाली अभ्यास होत नाही, हे घराच्या लक्षात यायला दोन महिने लागले.

मुलाचे अक्षर पहिल्यापासून वळणदार. नमुना म्हणून त्याच्या वह्या वर्गावर्गांतून फिरत. आठवीनंतर केव्हातरी त्या सुबकपणाचा जाच सुरू झाला. शब्दावरची शिरोरेषा किंचित तिरकी गेली की तो ती खोडी आणि पुन्हा ओढी. तरीही मनासारखी झाली नाही तर पान फाडून टाकी. दहावीच्या ऑगस्टमध्ये मराठीचा एक उतारा उतरून काढायला तीन तास लागू लागले. खोडरबराने घासून पानांना भोके पडली होती. हात धुण्यात आणि अंघोळीत तासन्‌तास जाऊ लागले. आजीला त्यात स्वच्छतेची आवड दिसली, आईला अभ्यासाचा ताण दिसला आणि वडिलांना उत्तम गुणांची तयारी दिसली. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे त्याचे कौतुक केले किंवा त्याला समजावले. मग घटक चाचणीच्या दिवशी तो जवळजवळ कोरा पेपर देऊन घरी आला. दोन तासांत एकच वाक्य लिहून झाले होते. त्या रात्री तो आईला म्हणाला, “मला लिहायचंय गं, पण हात पुढं जात नाही.”

या आजाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो ओसीडी या नावाने ओळखला जातो. मनात एक नको असलेला विचार येतो, त्याने जीव कासावीस होतो, तो शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते आणि मिळालेली शांती क्षणभरच टिकते. करतो आहोत ते निरर्थक आहे, हे बहुतेक रुग्णांना कळत असते; तेच अधिक जिव्हारी लागते. पुष्कळदा त्याची सुरुवात बालपणी किंवा कुमारवयात होते. संस्कार कमी पडल्याने तो होत नाही आणि दटावल्याने जात नाही. त्यावर औषधे आहेत, पण त्यांचा पुरता गुण दिसायला दहा-बारा आठवडेही लागू शकतात. औषधांइतकाच महत्त्वाचा दुसरा उपचार असतो: भीती वाटते त्या गोष्टीला थोडे थोडे सामोरे जायचे आणि ती सुटका देणारी कृती करायची नाही. बहुतेकांवर हे उपचार घरी राहूनच होतात. या मुलाचे मात्र हात धुण्यापायी जेवणही सुटत चालले होते, वजन उतरले होते. डॉक्टरांनी पुण्यातील एका मानसिक आरोग्य रुग्णालयात दाखल करण्याचा सल्ला दिला. तेथे तो सात आठवडे राहिला.

मराठी बोलण्यात येरवडा आणि ठाणे ही गावांची नावे कित्येक पिढ्या टवाळीसाठी वापरली गेली आहेत. अशा भाषेत वाढलेल्या वडिलांना ‘दाखल’ हा शब्द ऐकून घाम फुटला असेल, तर त्यात नवल नाही. प्रत्यक्षात कायदा आता पुष्कळ बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला केवळ अपवादात्मक स्थितीतच दाखल करता येते. त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ त्याच्याजवळ राहायचे असते. त्याप्रमाणे आई मुलाजवळ राहिली. वडील दुकान सांभाळून दर रविवारी पुण्याला जात.

शाळेला काय सांगायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. वडिलांनी फोनवरून कळवले, “मुलाला कावीळ झाली आहे. महिना-दीड महिना विश्रांती सांगितली आहे.” वाक्य सहज तोंडून गेले. घरात थोरल्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. तिची आठवण त्या एका वाक्यामागे होती. शाळेने सहानुभूती दाखवली, विश्रांती घेऊ द्या म्हणून सांगितले आणि गोष्ट तिथेच थांबली. काविळीच्या मुलाला कोणी स्वाध्याय पाठवत नाही. मित्रांचे फोन आले, पण आईने ते मुलाला दिले नाहीत. बोलता बोलता काही बाहेर पडेल, ही धास्ती होती. दोन आठवड्यांत फोनही थांबले. मुलगा आजारी होता तेवढाच राहिला. विद्यार्थी मात्र तो कोणासाठीच उरला नाही.

त्या रुग्णालयात आठवड्यातून तीन दिवस एक शिक्षिका येत. आईने घरून दहावीची सगळी पुस्तके, अपेक्षित प्रश्नसंच आणि शिकवणीच्या टिपणांची पिशवी आणली होती. मॅडमनी पिशवी पाहिली, त्यातली दोन पुस्तके काढून घेतली आणि बाकीची परत कपाटात ठेवायला सांगितली. त्यांनी गुण विचारले नाहीत. कोणता विषय सर्वांत कमी नकोसा वाटतो, एवढेच विचारले. मुलगा म्हणाला, “बीजगणित.” पहिला पाठ पंधरा मिनिटांचा झाला. आईला तो थट्टेसारखा वाटला. मार्च सहा महिन्यांवर आला होता.

पण त्या टेबलाभोवती बसणाऱ्या इतर मुलांकडे पाहून आईला हळूहळू अर्थ कळू लागला. एक मुलगी नैराश्यातून सावरत होती. चार ओळी वाचल्या की ती थके, आणि पाचव्या ओळीला पहिली विसरे. नैराश्यात एकाग्रता आणि स्मरण मंदावते, काही औषधांनी सुरुवातीला झोप येते. तिच्यासाठी चार ओळी हाच पूर्ण धडा होता. दुसरी मुलगी नेमकी उलट. तिने जेवण सोडले होते आणि ती दिवसाचे चौदा तास अभ्यास करायला तयार होती. तिच्या हातातून पुस्तक ठरल्या वेळी काढून घेणे हेच तिचे शिक्षण होते. तिसरा मुलगा सातवीचा. त्याला अभ्यास नको होता, फक्त कोणीतरी मोठ्याने गोष्ट वाचावी असे वाटे. रुग्णालयातली शिकवणी ही बाहेरच्या शिकवणीची लहान आवृत्ती नव्हे, हे तेथे दिसत होते. तेथे अभ्यासक्रम संपवायचा नसतो. ‘उद्या तुला या गोष्टीचा उपयोग होणार आहे’ असे मुलाला कोणीतरी कृतीतून सांगत राहायचे असते. औषधाची गोळी मुलाशी रुग्ण म्हणून बोलते. समीकरण त्याच्याशी नववी उत्तीर्ण झालेला मुलगा म्हणून बोलते. आजारपणात त्याला दोन्ही ऐकावे लागते.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट कोणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही. तेथील १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलाच्या योग्य शिक्षणाची सोय करणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य आहे. शाळेचे पंधरा दिवस बुडणार हे स्पष्ट झाले की ही सोय सुरू करावी, असे सरकारी मार्गदर्शन सांगते. मानसिक आजार त्यातून वगळलेला नाही. तेथे रुग्णालयांना जोडलेल्या शाळा आहेत, त्यांना मुख्याध्यापक आहेत आणि इतर शाळांप्रमाणे त्यांची सरकारी तपासणीही होते.

भारतातही पाया घातलेला आहे. २०१७ च्याच कायद्याचे कलम २० मानसिक आरोग्य संस्थेतील व्यक्तीला विरंगुळा, करमणूक, शिक्षण आणि धर्माचरण यांसाठी वाजवी सोयी मिळण्याचा हक्क देते. शिक्षण आणि धर्माचरण एकाच ओळीत आले आहे: माणूस आजारी पडला तरी त्याचे शिकणे आणि त्याची श्रद्धा संपत नाही, असे कायद्याने मान्य केले आहे. परंतु वाजवी सोय म्हणजे किती शिक्षक, किती तास, हे त्या ओळीत नाही. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षे वयापर्यंतचा. दहावीतला पंधरा वर्षांचा मुलगा त्या रेषेबाहेर पडतो. म्हणून अशा मुलाच्या बाबतीत रुग्णालय, शाळा आणि घर यांना जोडणारा धागा बहुधा घरानेच धरावा लागतो. आणि घराने तो धरावा, तर आधी खरे सांगावे लागते.

तिसऱ्या आठवड्यात मॅडम आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून लिखाणाचा पाठ हाती घेतला. खोडरबर काढून घेतले; पेन दिले. मुलाने एक वाक्य लिहायचे, त्यावरची शिरोरेषा मुद्दाम वाकडी ओढायची आणि तिला हात न लावता दहा मिनिटे तिच्याकडे पाहत बसायचे. पहिल्या दिवशी त्याचे ओठ कोरडे पडले, डोळ्यांत पाणी आले. दहा मिनिटे झाली, रेषा वाकडीच राहिली आणि काहीही घडले नाही. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभराने मनातली घालमेल सातव्या मिनिटाला उतरू लागली. पण बीजगणित सोडवताना खरोखरची चूक झाली की तो अडे. चूक दिसत राहते आणि खोडता येत नाही, हे त्याला सोसवत नसे.

त्या रविवारी वडील तेथे होते. त्यांना आजाराचे शास्त्र कळत नव्हते. पण कागदावरची अडचण कळली. त्यांनी मुलाला विचारले, “आपल्या दुकानात खोडरबर बघितलंस कधी?” मुलगा थांबला. रोजमेळात खाडाखोड चालत नाही, हे लहानपणापासून त्याच्या कानावर होते. त्याचा अर्थ, चूक चालत नाही, असा त्याने घेतला होता. वडिलांनी एक कागद घेतला, चुकीची रक्कम लिहिली, तिच्यावर एकच आडवी रेघ मारली आणि शेजारी बरोबर रक्कम लिहून खाली सही केली. “चूक झाकायची नसते. ती वाचता आली पाहिजे. नुसती रेघ मारायची आणि पुढची नोंद घ्यायची. तुझ्या पणज्यानं असंच लिहिलं, मी असंच लिहितो. खोडलेली वही कुणी खरी मानत नाही.” मॅडमनी त्याच दिवसापासून तो नियम टेबलावर लागू केला: चूक झाली की एक रेघ, आणि पुढे. तिथल्या दुसऱ्या मुलांनीही तो उचलला.

उपचार पुढे सरकू लागले, तसा शाळेचा प्रश्न पुन्हा समोर आला. मॅडमचे म्हणणे असे, की मुलाच्या स्वतःच्या शिक्षकांकडून काम आले पाहिजे आणि परत जाण्याची वाट आत्तापासून बांधली पाहिजे. पण कुटुंबाच्या संमतीशिवाय रुग्णालयातून एक शब्दही बाहेर जाणार नव्हता. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्यानेच घातलेले आहे. संमतीचा कागद वडिलांच्या हातात दिला गेला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. तो आठवडाभर खिशातच राहिला.

व्यापारी माणसाच्या या संकोचाला भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. बाजारात पत हेच भांडवल असते आणि घराची पत दुकानाच्या पतीपासून वेगळी काढता येत नाही. एका मुलाचा आजार त्याच्या बहिणीच्या लग्नात, चुलत्याच्या व्यवहारात, आजीच्या मंडळातल्या बोलण्यात येतो, हे अनुभवाने माहीत असते. वडील मुलाला लपवत नव्हते. ते मुलीला जपत होते. दोन लेकरांच्या हिताचा हिशेब एकाच पानावर जुळत नव्हता.

पुढच्या रविवारी मुलानेच विचारले, “अण्णा, शाळेत कावीळ झाली म्हणून सांगितलंय ना? मग परत गेल्यावर, कशानं बरा झालास असं कुणी विचारलं, तर काय सांगू?”

वडिलांकडे उत्तर नव्हते. येत्या मार्चपर्यंत, आणि कदाचित त्यानंतरही, मुलाला रोज शाळेत जाऊन एक खोटी नोंद सांभाळावी लागणार होती. ज्या मुलाला एक वाकडी रेघ सोसायला शिकवण्यात इतके दिवस गेले, त्याच्या डोक्यावर हे आयुष्यभराचे खोडकाम ठेवायचे होते. त्यांनी खिशातला कागद काढून त्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी दुकान भावावर सोपवून ते स्वतः शाळेत गेले.

मुख्याध्यापकांनी ऐकून घेतले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, “त्याला काय पाठवू? आणि किती पाठवू?” या दुसऱ्या प्रश्नाने वडिलांना धीर आला. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यापलीकडे कोणाला किती सांगायचे, हे मुलाने ठरवायचे, असे ठरले. गणिताच्या सरांनी आठवड्याला दहा गणिते पाठवायला सुरुवात केली आणि आलेली उत्तरे तपासून परत पाठवली. एका जुन्या मित्राने विज्ञानाच्या वहीतली पाने पाठवली; शेवटच्या पानावर वर्गातल्या क्रिकेटचा धावफलक होता. तो कागद मुलाने सर्वांत आधी वाचला.

सगळेच इतके सरळ झाले नाही. गोष्ट बाजारात फुटली. मुलीच्या बोलण्यांपैकी एक स्थळ पुढे सरकले नाही. कारण त्यांनी सांगितले नाही आणि वडिलांनी विचारले नाही. खरे सांगण्याची किंमत पडते, आणि ती त्या घराने मोजली. मात्र पुढचे स्थळ आले तेव्हा वडिलांनी पहिल्याच बैठकीत मुलाच्या आजाराबद्दल स्वतः सांगितले. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याची भीती घरातून गेली.

दसऱ्याच्या सुमारास मुलगा घरी आला. पहिला आठवडा शाळेत रोज दोनच तासिका, मग अर्धा दिवस, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पूर्ण वेळ, अशी वाट रुग्णालयातच आखून दिलेली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मानसिक आजाराचा समावेश आहे आणि पात्र विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मागता येतात. जादा वेळ मागावा का, यावर विचार झाला. अनेक मुलांना त्याचा मोठा आधार होतो. या मुलाला मात्र जादा वेळ म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिण्याला मोकळे रान, असे डॉक्टरांचे मत पडले. म्हणून वेळ तोच ठेवून सराव केला गेला. सवलतही मुलागणिक तोलून घ्यावी लागते. मार्चच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर राहिला. तो पुरवणी परीक्षेत सुटला. आजार पुरता गेला, असे कोणी म्हणत नाही. औषधे चालू आहेत, आणि तणाव वाढला की हात पुन्हा नळाकडे जातो.

या एका घराच्या अनुभवातून इतर घरांना घेण्यासारखे बरेच आहे. मूल रुग्णालयात दाखल झाले की ‘आता हे वर्ष सोडा’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि काही वेळा वर्ष सोडणे खरोखरच योग्य असते. पण वर्ष सोडणे आणि शिकणे सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मार्चची परीक्षा हुकली तर पुरवणी परीक्षा आहे. शाळेचे दार बंद झाले तर राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा अर्ज आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात मागणीनुसार, एकेक विषयाची परीक्षा देण्याचीही सोय आहे. डॉक्टरांना विचारावे की दिवसाला किती मिनिटांचा अभ्यास झेपेल, आणि तेवढाच द्यावा. शाळेतल्या निदान एका विश्वासू माणसाला खरे सांगावे. कोठून सुरुवात करावी हे न सुचल्यास केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे विनामूल्य सल्ला मिळतो. एखाद्या गिऱ्हाइकाच्या खात्यात दोन महिने नोंद झाली नाही म्हणून कोणी शहाणा व्यापारी ते खाते फाडून टाकत नाही. मुलाच्या खात्याला निदान तेवढी तरी सवड मिळावी.

तो मुलगा आता अकरावीला वाणिज्य शाखेत आहे. त्याच्या पुस्तपालनाच्या वहीत जागोजागी एकेक आडवी रेघ दिसते आणि तिच्या शेजारी बरोबर आकडा. मराठीच्या वहीत काही शब्दांवर शिरोरेषाच नाही. घाईत ओढायची राहून गेली आहे.